चित्र स्वच्छ, आवाज मात्र क्षीण

बार्शीच्या एका धान्यव्यापारी कुटुंबातील नातवाच्या विवाहाची डीव्हीडी तयार होऊन आली, तेव्हा घरातील वडीलधारे दादा हयात नव्हते. विवाहानंतर तीनच महिन्यांनी ते निवर्तले. त्या तबकडीत त्यांनी नवदांपत्याला दिलेल्या आशीर्वादाचे चार मिनिटांचे बोलणे होते. दादांच्या भगिनी, सर्वांच्या आत्याबाई, निपाणीला राहतात. त्यांच्याकडे जुना व्हीसीआर आहे आणि त्यांना हाताळता येते ते तेवढे एकच यंत्र. म्हणून तबकडीवरून कॅसेट करून पाठवण्यात आली. दोन दिवसांनी आत्याबाईंचा फोन आला, “अरे, दादाचे ओठ हलताना दिसतात, शब्द काही कानी पडत नाहीत.”

अशा वेळी सामान्यतः जे होते तेच येथेही झाले. टीव्हीचा आवाज वाढवून पाहण्यास सांगण्यात आले. आवाज वाढला, पण त्याबरोबर खरखरही तितकीच वाढली. मूळ नोंदीतच रक्कम कमी लिहिली गेली असेल, तर खालची बेरीज कितीही वेळा केली तरी ताळा जुळत नाही. कॅसेटचेही तसेच आहे. तिची स्वतःची खरखर ठरलेली असते. तिच्या तुलनेत आवाज पुरेसा मोठा नोंदला गेला नाही, तर नंतर वाढवताना दोन्ही सारखेच वाढतात. दुरुस्ती करायची ती कॅसेट भरतानाच.

व्हीएचएस फितीची रुंदी १२.७ मिलिमीटर. तिच्यापैकी बहुतेक भाग चित्राला दिलेला असतो आणि साधा ध्वनी कडेच्या सुमारे एक मिलिमीटर पट्टीत बसवलेला असतो. आपल्याकडील पाल पद्धतीत ही फीत सेकंदाला २३.३९ मिलिमीटर एवढ्याच वेगाने सरकते, गाण्यांच्या कॅसेटच्या वेगाच्या जेमतेम निम्म्याने. त्यातून तीन तासांच्या कॅसेटमध्ये सहा तास बसवण्याच्या लोभाने यंत्र ‘एलपी’वर ठेवले, तर हाही वेग निम्मा होतो. काटकसर सर्वत्र हितावह असतेच असे नाही.

परंतु या घरातील दोष वेगळाच होता. डीव्हीडी प्लेअरमधून ध्वनीच्या दोन वायरी निघतात, पांढरी डावीकडची व लाल उजवीकडची. व्हीसीआर जुना, ध्वनीचे छिद्र एकच. मुलांनी पांढरी पिन त्यात बसवली आणि लाल मोकळी सोडून दिली. विवाहाच्या चित्रणात मात्र छायाचित्रकाराने दादांच्या हातातील माइक उजव्या बाजूला जोडला होता. डाव्या बाजूला कॅमेऱ्याच्या स्वतःच्या माइकने टिपलेला मंडपातील गलबला व सनई होती. कॅसेटवर उतरले ते एवढेच. दादांचा जो पुसट आवाज येत होता, तो कॅमेऱ्याने लांबून टिपलेला. लाल पिन बसवून पाहताच त्यांचे शब्द स्पष्ट आले, सनई मागे हटली. पुढे बाजारातून दोन पिनांची एक करणारी वायर आणून दोन्ही बाजू एकत्र केल्या. किंमत किरकोळ, तोवर दोन कॅसेट वाया गेल्या होत्या.

चित्रपटांच्या तबकडीत कारण बहुधा दुसरे असते. तेथे ध्वनी पुष्कळदा सहा वाटांत विभागलेला असून संवाद मधल्या वाटेत असतात. प्लेअर ‘५.१’वर ठेवलेला असेल, तर संवाद वेगळ्या छिद्रातून बाहेर जातात आणि लाल-पांढऱ्या वायरींत संगीतच दणदणत राहते. प्लेअरच्या ध्वनीच्या यादीत जाऊन ‘स्टिरिओ’ अथवा ‘टू चॅनल’ निवडावे. शिवाय स्फोट वा वादळ मोठे वाटावे म्हणून संवाद मुद्दामच खालच्या पातळीवर ठेवलेले असतात. काही प्लेअरमध्ये ‘डायनॅमिक रेंज’ किंवा ‘नाइट मोड’ अशी सोय असते; ती चालू केली की मोठा आवाज दबतो व लहान आवाज वर येतो. कॅसेटसाठी हे उत्तम. एवढ्यानेही भागले नाही, तर प्लेअर व व्हीसीआर यांच्यामध्ये लहानसा मिक्सर जोडून पातळी वाढवावी, मात्र मोठे आवाज फाटू लागतील इतकी नव्हे. व्हीसीआरच्या ध्वनीच्या हेडवर धूळ साचली असेल, तरीही आवाज दबतो; त्याची सफाई जाणकाराकडून करून घ्यावी.

आणखी एक खबरदारी. हाय-फाय व्हीसीआर ध्वनी दोन ठिकाणी नोंदतो: चित्राबरोबर आणि कडेच्या पट्टीतही. त्याच यंत्रावर ऐकताना भरघोस वाटलेला आवाज साध्या व्हीसीआरवर पट्टीतूनच येतो व कृश भासतो. म्हणून सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजाचा भाग दोन-दोन मिनिटे भरून, शक्य तर साध्या यंत्रावर ऐकून पाहावा.

तिसरी कॅसेट शेजारच्या साध्या व्हीसीआरवर आधी ऐकली गेली. नंतर तिच्या कडेचा प्लास्टिकचा लहान तुकडा मोडून टाकला, म्हणजे चुकून कोणी तिच्यावर मालिका भरू नये. मग ती निपाणीला रवाना झाली.