अंदाजपत्रकातला 'अंदाज' विसरू नका



समतोल, शिलकीचे आणि तुटीचे, असे अंदाजपत्रकाचे तीन प्रकार मुलं पाठ करतात. व्याख्या लिहिली की मार्क मिळतात. पण शिल्लक म्हणजे पास आणि तूट म्हणजे नापास, असा समज मुलांच्या मनात पक्का बसतो. तो काढायचा असेल तर ऑस्ट्रेलियाचं उदाहरण वर्गात जरूर सांगावं.

तिथे २००७-०८ नंतर जागतिक मंदी आली आणि तूट सुरू झाली. मे २०१२ मध्ये अर्थमंत्री वेन स्वान यांनी २०१२-१३ साठी दीड अब्ज डॉलर शिल्लक दाखवली. खनिजांचे भाव उतरले, कंपन्यांकडून येणारा कर घटला आणि डिसेंबरातच त्यांना तो शब्द सोडावा लागला. वर्षअखेर सुमारे १९ अब्जांची तूट निघाली. २०१९ मध्ये दुसऱ्या पक्षाचे जोश फ्रायडेनबर्ग यांनी पुढच्या वर्षासाठी ७.१ अब्ज शिल्लक जाहीर केली. पक्षाने त्या आनंदात कॉफीचे मगसुद्धा विकले! मग कोरोना आला आणि तूट झाली ८५ अब्ज.

आता उलटं बघा. ऑक्टोबर २०२२ मध्ये जिम चाल्मर्स यांनी सुमारे ३७ अब्ज तुटीचा अंदाज दिला होता. पण खनिजांचे भाव चढे राहिले, रोजगार वाढल्याने करही वाढला आणि हाती आली २२ अब्ज शिल्लक.

म्हणजे अंदाज दोन्ही बाजूंनी चुकतो. तो चुकणारच, त्यात कुणाचा गुन्हा नाही. प्रश्न येतो तो अंदाजालाच वचन बनवलं की. २०१२ च्या त्याच अंदाजपत्रकात बचतीसाठी एक निर्णय झाला होता. सर्वांत धाकटं मूल आठ वर्षांचं झालं की एकट्या पालकाला कमी रकमेच्या बेकारी भत्त्यावर पाठवायचं. जानेवारी २०१३ पासून हजारो घरांचं, त्यातही बहुतेक एकट्या आयांचं, उत्पन्न घटलं. शिल्लक तर आली नाहीच. ही वयोमर्यादा चौदापर्यंत वाढायला २०२३ साल उजाडलं.

याचा अर्थ उधळपट्टी करावी असा नाही. कर्जावर व्याज भरावंच लागतं. चांगल्या दिवसांत कर्ज फेडून ठेवलं होतं म्हणूनच ऑस्ट्रेलियाला मंदीत हात सैल सोडता आला. पण काटकसर कधी आणि कुणाच्या ताटातून करायची, हे तारखेच्या हट्टावर ठरू नये.

आपल्या केंद्राच्या अर्थसंकल्पातही अर्थसंकल्पीय अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष आकडे दिलेले असतात. ते फळ्यावर शेजारी शेजारी लिहा आणि मुलांना तीन प्रश्न विचारा. अंदाज कशावर बांधला होता? तो का चुकला? आणि चुकल्याची किंमत कुणी मोजली? तिसऱ्या प्रश्नाला मार्क नसतील, पण उद्याचा मतदार त्याच प्रश्नातून घडेल.