धूर नाही म्हणजे धोका नाही?



मागील अंकातील थंडीतल्या शेगडीवरचे पत्र वाचले. आजोळची ती ऊब मलाही ठाऊक आहे. पण ‘निखारे फुलले, धूर थांबला की शेगडी खुशाल खोलीत घ्यावी’ हा सल्ला मात्र जिवावर बेतू शकतो. धुराने निदान डोळे चुरचुरतात, माणूस खोकत बाहेर पडतो. लालबुंद निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोके जड होते, मळमळते. झोपेत तेही कळत नाही.

धुराडे आहे म्हणून निर्धास्त राहावे, असेही नाही. कादंबरीकार एमिल झोला १९०२ मध्ये पॅरिसच्या राहत्या घरी याच वायूने गेले. धुराडे तुंबले होते.

आमची आजी निजण्यापूर्वी शेगडी अंगणात नेऊन निखाऱ्यांवर राख ओढायची. पहाटे काडीने उकरले की खाली विस्तव जिवंत! म्हणूनच राख प्लास्टिकच्या बादलीत कधी भरू नये. उबेसाठी गोधडी आहेच. शेगडी उंबऱ्याबाहेरच शोभते.

– एक वाचक, नाशिक