बेत बदलण्याचा अधिकार

प्रवासवर्णनांनी आपल्या वार्षिकांकांची बरीच पाने भरतात. त्यांत आणखी एकाची भर घालण्याचा माझा विचार नाही. व्हिएन्नाचे राजवाडे ज्यांना हवे असतील त्यांनी ग्रंथालयाचे कपाट उघडावे. मला सांगायचे आहे ते एका मोडलेल्या बेताविषयी, आणि तो मोडताना आम्हांला वाटलेल्या भीतीविषयी.

गेल्या मे महिन्यात मावशी व काकांबरोबर मी युरोपात गेले होते. व्हिएन्नात सहा दिवस, प्रागला तीन, की पुन्हा व्हिएन्नाहून विमान, असा बेत. हा बेत आमच्या मनात कमी आणि व्हिसाच्या फायलीत अधिक होता. आपल्या पासपोर्टवर शेंगेन व्हिसा मागायचा तर मुक्कामांचा तपशील, हॉटेलांची आरक्षणे, बँकेचा हिशेब, किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा, सारे आधी जोडावे लागते. काकांनी ते अशा निगुतीने जोडले होते की आमच्या घरच्या लग्नाची यादीही इतकी नेटकी नव्हती.

व्हिएन्नात तिसऱ्या रात्री मावशीच्या शाळेतल्या मैत्रिणीचा बुडापेस्टहून फोन आला. तिचे यजमान इस्पितळात होते आणि घरी ती एकटी. ‘ये’ असे ती म्हणाली नाही. मावशीने फोन ठेवला आणि म्हणाली, “आपण प्राग सोडून बुडापेस्टला जाऊ.”

“अगं, पण कागदावर प्राग आहे!” काका म्हणाले.

वास्तविक नियम काय आहे? जिथे मुक्काम सर्वांत अधिक त्या देशाकडे अर्ज करायचा. आमच्या बाबतीत तो ऑस्ट्रिया, आणि बेत बदलूनही ऑस्ट्रियाच राहत होता. व्हिसा मिळाला की तो सर्वसाधारणपणे शेंगेनच्या २९ही देशांत चालतो. हंगेरी त्यांत २००७ सालापासून आहे. फोन बेलग्रेडहून आला असता तर गोष्ट निराळी. सर्बिया शेंगेनबाहेर आणि आमचा व्हिसा एकाच प्रवेशाचा. एकदा बाहेर पाऊल टाकले की परतीचे दार बंद. हे सारे काकांना ठाऊक होते. तरी रात्री एक वाजेपर्यंत वाद चालला.

मित्रहो, माझा मुद्दा इथेच आहे. आपल्याकडून आधी इतके कागद लिहवून घेतात की आपण त्या कागदांनाच वचन दिले आहे, असे आपल्याला वाटू लागते. याच व्हिएन्नात जन्मलेल्या स्टेफान झ्वाइगने १९४२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मकथनात नमूद केले आहे, की १९१४ पूर्वी तो हिंदुस्थानात आणि अमेरिकेत पासपोर्टवाचून जाऊन आला होता. पुढे त्याच माणसाला, देश गमावल्यावर, इंग्लंडमध्ये परक्याचा दाखला मागावा लागला. १९८५ साली शेंगेन गावी मोझेल नदीवरच्या बोटीत पाच देशांनी करार केला, १९९५ पासून तो अमलात आला, आणि ते जुने मोकळेपण थोडेफार परत आले. तिथला तरुण रेल्वेचा पास खिशात टाकून कुठे जायचे ते सकाळी फलाटावर ठरवतो. आपण मात्र निघण्याच्या कित्येक आठवडे आधी ते लिहून देतो.

वकिलातींना दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. खोटी आरक्षणे दाखवून भलतीकडेच जाणारे आपल्यातही आहेत, आणि अशांचा व्हिसा रद्द झाला तर माझी तक्रार नाही. पण खोटा बेत निराळा आणि बदललेला बेत निराळा. आजारी माणसासाठी वाट वाकडी करणाऱ्याने स्वतःला गुन्हेगार का समजावे?

असो. आम्ही गेलो. प्रागच्या हॉटेलचे पैसे बुडाले. व्हिएन्नाहून बुडापेस्ट अडीच तासांचे. सरहद्द केव्हा ओलांडली ते खिडकीतून कळलेही नाही. मावशीने तीन दिवस मैत्रिणीच्या स्वयंपाकघरात वरणभात केला, इस्पितळात डबे नेले. बुडापेस्ट मी जवळजवळ पाहिलेच नाही.

परतताना ऑस्ट्रियाचे पोलीस डब्यात आले. काकांनी पासपोर्टांबरोबर ती जाडजूड फाईलही पुढे केली. पोलिसाने पासपोर्ट पाहिले, परत दिले आणि तो पुढच्या बाकाकडे वळला. फाईल त्याने उघडलीही नाही.