वेग स्वस्त झाला, गाडी महागच

जपानमधील तोचिगी येथील कारखान्यातून २६ ऑगस्ट २०२५ रोजी निसान जीटी-आरच्या 'आर३५' पिढीतील अखेरची गाडी बाहेर पडली. अठरा वर्षांत अशा सुमारे ४८ हजार गाड्या तयार झाल्या. २००७ मध्ये ही गाडी बाजारात आली तेव्हा जपानमध्ये तिची प्रारंभिक किंमत ७७ लाख ७० हजार येन होती. निरोपाच्या वेळी ती सुमारे १ कोटी ४४ लाख येनांवर पोहोचली होती. इंजिनाची ताकद या काळात ४८० वरून ५७० अश्वशक्तीवर गेली. किंमत जवळपास दुप्पट आणि ताकदीत मात्र वीस टक्क्यांच्या आतबाहेर वाढ, हा हिशेब वरकरणी आतबट्ट्याचा वाटतो. वेगवान मोटारींच्या बाजारात गेल्या दोन दशकांत जे घडले, त्याचे सार मात्र त्यातच आहे.

जीटी-आर प्रथम विकली गेली ती निव्वळ वेगाच्या बळावर. जर्मनीतील न्यूरबर्गरिंगच्या शर्यतमार्गावर तिने कितीतरी महाग गाड्यांना आव्हान दिले. त्या वेगाची किंमत चालकाला कंबर आणि कान यांच्याद्वारे चुकवावी लागे. सस्पेन्शन ताठ, गिअरबॉक्सची खडखड आतपर्यंत ऐकू येणारी. पुढे २०१७ च्या आवृत्तीत कंपनीने भर दिला तो आतील सजावटीवर, आवाज रोखणाऱ्या काचेवर आणि ध्वनिरोधक आवरणावर. म्हणजे ग्राहक वाढीव पैसे मोजत होता ते केवळ वेगासाठी नव्हे, तर तो वेग सुसह्य व्हावा यासाठीही.

वेग आणि आराम यांचे वैर यांत्रिक आहे. वळणावर गाडी कलू नये म्हणून स्प्रिंग कडक लागतात, आणि तोच कडकपणा रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा पाठीच्या कण्यापर्यंत पोहोचवतो. टायरची कड जितकी बुटकी, तितकी वळणावरची पकड नेमकी. पण धक्का झेलणारी हवेची गादीही तितकीच पातळ. या पेचातून मार्ग काढणारे शॉक अ‍ॅब्सॉर्बर २००२ मध्ये कॅडिलॅकमध्ये आणि लगेचच कॉर्व्हेटमध्ये आले. त्यांतील तेलात लोहकण असतात. वीजप्रवाह बदलला की काही सहस्रांश सेकंदांत ते घट्ट वा सैल होते. पूर्वी गाडी घेतानाच करावी लागणारी निवड आता गाडीच क्षणोक्षणी करू लागली.

त्याही आधी होंडाने १९९० मध्ये एनएसएक्स आणून या समीकरणाला धक्का दिला होता. अ‍ॅल्युमिनियमचा सांगाडा, मध्यभागी तीन लिटरचे इंजिन, चहूकडे स्वच्छ दिसेल अशी बैठक आणि रोज कार्यालयात नेता येईल असा स्वभाव. तिच्या चाचण्यांच्या काळात आयर्टन सेना याने सांगाडा आणखी मजबूत करण्याचा आग्रह धरला होता. मॅक्लारेन एफ१ चे रचनाकार गॉर्डन मरे यांनी आपल्या गाडीसाठी चालवण्यातील सुखाचा मापदंड म्हणून एनएसएक्सच समोर ठेवली. इतके असूनही पंधरा वर्षांत ती खपली अवघी सुमारे अठरा हजार. फेरारीचा घोडा नाकावर नसलेल्या गाडीला तितके पैसे मोजण्यास श्रीमंत ग्राहक बिचकला. आराम हवा असे सगळेच म्हणतात; चेक फाडताना हात प्रतिष्ठेकडे वळतो.

दरम्यान वेग मात्र झपाट्याने स्वस्त झाला. २०२० मधील कॉर्व्हेट अमेरिकेत ५९,९९५ डॉलरला मिळू लागली. योग्य साधने जोडली तर ती तीन सेकंदांच्या आत ताशी ६० मैलांचा वेग गाठत असे आणि मागच्या कप्प्यात गोल्फच्या पिशव्याही मावत. फेब्रुवारी २०२५ मध्ये चीनच्या शाओमीने दीड हजारांहून अधिक अश्वशक्तीची एसयू७ अल्ट्रा ही विजेवरील गाडी ५ लाख २९ हजार ९०० युआनला आणली. मे महिन्यात याच कंपनीने सॉफ्टवेअर बदलून ताकद सुमारे ९०० अश्वशक्तीवर रोखली. शर्यतमार्गावर ठरावीक वेळेत फेरी पूर्ण करणाऱ्यालाच पूर्ण ताकद मिळेल, अशी अट होती. मालकांनी गदारोळ केला आणि कंपनीला माघार घ्यावी लागली. दीड हजार अश्वशक्ती विकल्यावर ती कोणाच्या हाती गेली, याची चिंता करण्यास थोडा उशीरच झाला होता.

ही चिंता महाराष्ट्राला परकी नाही. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यातील कल्याणीनगरमध्ये पोर्शे टायकनच्या धडकेत मोटारसायकलवरील दोन तरुण अभियंत्यांचा मृत्यू झाला. गाडी अल्पवयीन मुलगा चालवत असल्याचा आरोप आहे. अवघे १,७५८ रुपये शुल्क न भरल्याने त्या गाडीची नोंदणीही झालेली नव्हती. जुन्या वेगवान गाड्या चालकाला घाबरवत असत. क्लच जड, आवाज कर्कश, चूक झाली की मागचे चाक लगेच निसटे. आजची गाडी यांपैकी काहीच करीत नाही. आरामाचा हा एक दुष्परिणाम आहे आणि किमतीच्या चर्चेत तो क्वचितच येतो.

कदाचित म्हणूनच काही जाणकार ग्राहक उलट्या दिशेला वळले आहेत. २०१३ मधील पोर्शे ९११ जीटी३ केवळ स्वयंचलित गिअरसह आली तेव्हा निष्ठावंतांनी नाके मुरडली. २०१६ मध्ये हाताने गिअर टाकण्याची ९११ आर अवघ्या ९९१ नगांत काढण्यात आली आणि पुनर्विक्रीत तिचे भाव मूळ किमतीच्या कितीतरी वर गेले. पुढच्याच वर्षी जीटी३ मध्ये हातगिअरचा पर्याय परतला. गिअर बदलण्यात हातगिअर स्वयंचलितापेक्षा मंदच. तरी पैसे त्यालाच अधिक मिळाले.

भारतात मात्र हे सारे तारतम्य कराच्या ओझ्याखाली चेपले जाते. डिसेंबर २०१६ मध्ये जीटी-आर येथे १ कोटी ९९ लाख रुपयांना आली. त्याच आवृत्तीची अमेरिकेतील प्रारंभिक किंमत १,०९,९९० डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे ७५ लाख रुपये होती. २०२४ मध्ये पोर्शे ९११ कॅरेराच्या बाबतीतही अंतर जवळपास दुपटीचे राहिले. फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात महागड्या मोटारींवरील मूळ आयात शुल्क १०० वरून ७० टक्क्यांवर आणले, पण सोबत ४० टक्के अधिभार लावला. एकूण बोजा ११० टक्केच राहिला. त्याच वर्षी राज्याने मोटार वाहन कराची कमाल मर्यादा २० लाखांवरून ३० लाखांवर नेली. सरकारी तिजोरीत जाणाऱ्या या रकमेतून ना एक अश्वशक्ती वाढते, ना आसन मऊ होते.

आणि एवढे मोजून ही गाडी धावायची कोठे? समृद्धी महामार्गावर कमाल मर्यादा ताशी १२० किलोमीटर, मुंबईच्या सागरी किनारा मार्गावर ८०. भारतीय रस्ते काँग्रेसच्या निकषानुसार गतिरोधक १० सेंटिमीटर उंच असावा. प्रत्यक्षात गल्लीबोळांत तो कितीही उंच असतो. अनेक स्पोर्ट्‌स कारचा तळ जमिनीपासून सव्वाशे मिलिमीटरही वर नसतो. त्यामुळे पुढचा भाग उचलणारी यंत्रणा युरोपात चैन ठरत असली, तरी दादर किंवा कोथरूडमध्ये ती ब्रेकइतकीच आवश्यक ठरते. तीन सेकंद की साडेतीन, हा वाद येथे पहिल्या गतिरोधकापाशीच निकाली निघतो.

युरोपीय संघाबरोबरच्या व्यापार कराराच्या वाटाघाटी पूर्ण झाल्याची घोषणा जानेवारी २०२६ मध्ये झाली. ठरावीक संख्येच्या मोटारींवरील शुल्क टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांपर्यंत उतरवण्याची तरतूद त्यात आहे. ब्रिटनबरोबर जुलै २०२५ मध्ये झालेल्या करारातही अशीच संख्येची अट आहे. शुल्क उतरले तरी रुंद टायर, मोठे ब्रेक आणि विमा यांचा वार्षिक खर्च गाडीच्या वर्गानुसारच राहील. जुन्या गाड्यांच्या बाजाराला मात्र लगेच हादरा बसू शकतो. शंभर टक्क्यांहून अधिक शुल्क भरून आणलेली गाडी विकायला काढणाऱ्याची स्पर्धा उद्या त्याच कंपनीच्या नव्या, स्वस्त गाडीशी असेल.