गाडी थांबत नाही, मॅडम!

शनिवारची सकाळची शाळा सुटली होती. मी संगणक खोलीला कुलूप लावत होते, इतक्यात आठवीतल्या एका मुलीचे वडील समोर येऊन उभे राहिले. ते टेम्पोवर ड्रायव्हर आहेत. तळेगाव ढमढेरे आणि आसपासच्या गावांतून कांदा, भाजी भरायची आणि रात्रीच पुण्याच्या मार्केट यार्डात पोहोचवायची, हे त्यांचे काम. सलाम-दुआ झाली आणि ते थेट म्हणाले, "मॅडम, धाकट्याच्या हातातला मोबाइल सुटावा म्हणून घरात रोज भांडण होतं. आणि इथं शाळेत तुम्ही पोरीला गेम शिकवता?"

आवाजात रागापेक्षा थकवा जास्त होता. रात्रभर गाडी चालवून आलेला माणूस. मुलगी मागे दप्तर छातीशी धरून खाली मान घालून उभी. मी कुलूप पुन्हा उघडले आणि म्हटले, "आत या भाई. काय शिकवते ते तुम्हीच बघा."

त्यांनी काय बघितले ते सांगण्याआधी, या खोलीत काय चालते ते वाचकांना सांगायला हवे. माझा विषय भाषा. मराठी शिकवते, उर्दूही शिकवते. संगणकाला वेगळे शिक्षक नाहीत म्हणून खोलीची किल्ली माझ्याकडे आली. सहा जुने संगणक, त्यातले चार चालतात, तेही वीज असली तर. त्यावर 'स्क्रॅच' नावाची एक मोफत प्रणाली बसवली आहे. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेतल्या मिचेल रेझनिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती खास मुलांसाठी तयार केली आणि २००७ मध्ये सर्वांसाठी खुली केली. एकदा संगणकावर बसवली की इंटरनेटशिवायही चालते. तिच्यात रंगीत ठोकळे असतात. प्रत्येक ठोकळा म्हणजे एक आज्ञा: पुढे जा, वळ, थांब, आवाज कर. मुले ठोकळ्याला ठोकळा जोडतात आणि पडद्यावरचे चित्र त्याप्रमाणे हलू लागते.

मला पहिल्यांदा धीर आला तो 'जर-तर'च्या ठोकळ्यामुळे. जर गाडी मुलाला धडकली, तर खेळ संपव. मराठीत आपण याला संकेतार्थ म्हणतो, उर्दूत 'अगर' आणि 'तो'. व्याकरणाच्या तासाला ज्या वाक्यावर मुले जांभया देतात, तेच वाक्य इथे चुकले की गाडी मुलाच्या अंगातून आरपार निघून जाते आणि सगळा वर्ग हसतो. चूक शोधल्याशिवाय मग कुणालाच चैन पडत नाही.

गणिताचेही तसेच. स्क्रॅचचा पडदा ४८० घरे रुंद आणि ३६० घरे उंच धरलेला असतो. मधोमध शून्य. उजवीकडे २४० पर्यंत, डावीकडे ऋण २४० पर्यंत. 'ऋण संख्या म्हणजे काय' हे वहीत न कळलेल्या मुलाला चित्र डावीकडे सरकवायचे असते तेव्हा ती बरोबर कळते.

यंदा आठवीच्या मुलांना मी म्हटले, आपल्या भागातले काहीतरी करा. एका गटाने शिक्रापूरचा चौक निवडला. पुणे-नगर महामार्गावरचा हा चौक आपल्याकडच्या सगळ्यांच्या ओळखीचा. कंपन्यांच्या बसगाड्या, कंटेनर, उसाचे ट्रॅक्टर आणि त्यातून वाट काढणारी माणसे. खेळ असा: एका मुलाला रस्ता ओलांडून पलीकडे न्यायचे. गाड्या येत राहतात, सिग्नल बदलतो, वेळ चुकली की खेळ संपला.

आता माझी चूक सांगते. गटात दोन मुले आणि दोन मुली. मी फेरी मारताना रोज बघत होते, माउस मुलांच्या हातात आणि मुली बाजूला कागदावर झाडे, दुकाने, पाट्या काढताहेत. मला त्यात काही खटकले नाही. उलट 'मुलींची चित्रे छान येतात' म्हणून शाबासकीही दिली. तिसऱ्या आठवड्यात मुले अडली. सिग्नल लाल झाला तरी एक ट्रक थांबेना. दोन दिवस त्यांची डोकेफोड चालली होती. तेव्हा ही मुलगी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "मॅडम, गाडी का थांबत नाही ते मला माहितीय. पण माउस मिळत नाही."

त्या दिवशी घरी गेल्यावर जेवण गोड लागले नाही. मी स्वतः बीएडला प्रवेश घेताना किती जणांची समजूत काढली होती ते आठवले. आणि माझ्याच खोलीत एक मुलगी उत्तर खिशात घेऊन दोन दिवस गप्प बसली होती. दुसऱ्या दिवसापासून नियम केला: दर दहा मिनिटांनी माउस पुढच्याच्या हातात, मुलगा असो की मुलगी. तिने पाच मिनिटांत ट्रक थांबवला. सिग्नल बघण्याची आज्ञा सुरुवातीला एकदाच दिली होती, तिने ती सतत फिरणाऱ्या ठोकळ्याच्या आत टाकली. म्हणजे ट्रक आता दर क्षणाला सिग्नलकडे बघत होता.

हाच खेळ मी तिच्या वडिलांना दाखवला. आधी ते नको म्हणत होते. मग खुर्ची ओढून बसले. तीन वेळा खेळले आणि तिन्ही वेळा ट्रकखाली आले. चौथ्या वेळी ते पडद्याकडे बोट करून म्हणाले, "हे खोटं आहे."

मुलगी चपापली. "काय खोटं, अब्बा?"

"सिग्नल लाल झाला आणि ट्रक जागेवर उभा राहिला. भरलेली गाडी अशी थांबते होय? आधी नजरेला दिसतं, मग पाय ब्रेकवर जातो, आणि ब्रेक लागल्यावरसुद्धा गाडी किती पुढं जाते! हे बघून एखादं पोर रस्त्यात उतरलं तर?"

खोलीत क्षणभर शांतता. मला वाटले, झाले, आता मुलीला घेऊन निघणार. पण ती पुढे झाली. तिने 'वेग शून्य कर' हा ठोकळा काढला आणि त्या जागी 'वेग एकने कमी कर, शून्य होईपर्यंत' असे लावले. सुरुवातीचा वेग १० ठेवला. ट्रक १० घरे गेला, मग ९, मग ८, असे करत थांबला. मी फळ्यावर बेरीज केली: दहापासून एकपर्यंत, ५५ घरे. मग तिने वेग दुप्पट केला, २०. मला वाटले अंतरही दुप्पट होईल. बेरीज आली २१०, जवळजवळ चौपट! पडद्याच्या निम्म्या रुंदीला थोडेच कमी. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यानंतरचे अंतर साधारण चौपट होते, हा पदार्थविज्ञानाचा नियम तिने ठोकळ्यांतून आमच्यासमोर उभा केला होता. वडील ती बेरीज बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "हे आम्हाला कुणी शिकवलं नाही. पायाला माहीत आहे, आकड्यात माहीत नव्हतं."

मुलांचे असे प्रकल्प म्हणजे नुसता पोरखेळ, असे वाटत असेल तर या विषयाचा इतिहास बघा. १९७२ च्या सुमारास अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात आयव्हन सदरलँड हे प्राध्यापक शिकवत होते. त्यांच्या विद्यार्थ्यांनी त्यांच्या पत्नीची फोक्सवॅगन गाडी घेतली, तिच्यावर खुणा केल्या, मोजपट्टीने एकेक बिंदू मोजला आणि ते आकडे संगणकाला देऊन पडद्यावर गाडी उभी केली. त्याच वर्षी तिथल्याच एड कॅटमल या विद्यार्थ्याने फ्रेड पार्क यांच्यासह स्वतःच्या डाव्या हाताची हलती प्रतिमा तयार केली. हेच कॅटमल पुढे 'पिक्सार'चे एक संस्थापक झाले आणि त्या कंपनीचा 'टॉय स्टोरी' हा पूर्णपणे संगणकावर घडलेला पहिला मोठा चित्रपट १९९५ मध्ये आला. सुरुवात मोजपट्टीपासून झाली होती.

त्याच्याही मागे जायचे तर सुमारे हजार वर्षांपूर्वीचे इब्न अल-हैसम आठवतात. जन्म बसऱ्याचा, काम कैरोत. डोळ्यातून किरण बाहेर पडतात आणि म्हणून आपल्याला दिसते, असे तेव्हा मोठमोठे विद्वान मानत. वस्तूवरून येणारा प्रकाश डोळ्यात शिरतो म्हणून दिसते, हे त्यांनी 'किताब अल-मनाझिर' या ग्रंथात प्रयोगांच्या आधारे मांडले. आज संगणकाला खरीखुरी वाटणारी खोली, सावली किंवा पाणी दाखवायचे असते तेव्हा प्रकाशाचा किरण कुठून निघाला, कशावर आदळला आणि डोळ्यापर्यंत कसा आला, याचाच हिशेब तो करतो.

आणि एवढे दूर जायचे नसेल तर आपल्या शिरूर तालुक्यातले पाबळ आहे. १९८३ मध्ये डॉ. श्रीनाथ कलबाग मुंबईतली संशोधनाची नोकरी सोडून तिथे आले आणि विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करता करता शिकायचे, हा त्यांचा आग्रह. २००२ मध्ये एमआयटीच्या 'फॅब लॅब' उपक्रमातली अमेरिकेबाहेरची पहिली प्रयोगशाळा त्याच पाबळला उभी राहिली. संगणकावर आकृती काढायची आणि यंत्राने ती प्रत्यक्ष वस्तू म्हणून कापून हातात घ्यायची, हे तिथे शक्य झाले. शाळेत अडलेल्या खेड्यातल्या मुलांसाठी हे सगळे होते.

आई-वडिलांची काळजी मला खोटी वाटत नाही. मोबाइलवरचे बरेच खेळ मूल उठूच नये अशा बेताने बांधलेले असतात. पैसे लावायच्या खेळांनी तर घरे बुडवली. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने अशा ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला तो उगाच नाही. पण खेळणे आणि खेळ घडवणे यांना एकाच काठीने हाकू नका. मूल पडद्यासमोर दिसले की ओरडण्याआधी शेजारी बसा आणि विचारा: यातले नियम कुणी ठरवले? हा नियम बदलला तर काय होईल? तू बदलू शकतोस का? उत्तर मिळाले तर ते मूल शिकते आहे. नुसतेच 'पुढची लेव्हल' असे उत्तर आले तर मोबाइल खुशाल काढून घ्या.

घडवण्यालाही वेळेची मर्यादा हवीच. डोळे आहेत, झोप आहे, अभ्यास आहे, नमाज आहे. आणि घरात एकच यंत्र असेल तर ते भावाच्या हातून बहिणीच्या हातात किती वेळा जाते, तेवढे मात्र घड्याळ लावून मोजा. मी मोजले नव्हते.

त्या भाईंनी घरी संगणक घेतलेला नाही, परवडण्यासारखा नाही. पण शनिवारी शाळा सुटल्यावर तासभर थांबायला मुलीला परवानगी दिली आहे. "सव्वा तास नाही, तास," असेही बजावले. परवा ती सांगत होती, अब्बांनी नवीन काम दिले आहे. पावसात ओल्या रस्त्यावर ट्रक आणखी पुढे घसरतो, ते खेळात कसे दाखवायचे? वेग दर वेळी एकऐवजी अर्ध्याने कमी करून बघू, असे आमचे ठरले आहे. येत्या शनिवारी वीज असली तर, इन्शाअल्लाह.