सोनेगावची मध्यरात्र आणि मानोऱ्याची वाट

१/ नागपूरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळाची थोरवी सांगताना आपण परदेशी उड्डाणे मोजतो. माझ्या मते हे मोजमाप अपुरे आहे.

२/ सोनेगावच्या या धावपट्टीचे वैभव टपालात होते. १९४९ पासून दिल्ली, मुंबई, कलकत्ता व मद्रास येथून टपाल घेऊन निघालेली विमाने मध्यरात्रीच्या सुमारास येथे एकत्र येत. थैल्यांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत प्रत्येक विमान आपल्या शहरी परते. १९७३ मध्ये ही सेवा थांबली. त्याच वर्षी अमेरिकेत मेम्फिसहून फेडेक्सने याच तत्त्वावर काम आरंभले.

३/ दूरच्या वाटा जोडण्याची विद्या आपल्याकडे विमानाहून जुनी आहे. मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे बंजारा समाजाचे श्रद्धास्थान. याच समाजाच्या तांड्यांनी बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलूख जोडले.

४/ ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा खुला झाला. तो वाशिम जिल्ह्यातून जातो, पण मानोऱ्याहून नागपूर गाठायचे तर आधी कारंजा गाठावे लागते. स्वतःची गाडी असलेल्यास हे सोपे, इतरांचे काय?

५/ म्हणून विमानतळाच्या इतिहासात तेथवर पोहोचणाऱ्या वाटाही लिहिल्या पाहिजेत. पत्रांसाठी चार महानगरांच्या विमानांची वेळ जुळवता आली; मग मानोऱ्याच्या प्रवाशासाठी एका एसटीची वेळ विमानाशी का जुळू नये?