युलिसीस कोणाचा?

तौलनिक साहित्याच्या उत्तरपत्रिका तपासताना एक वाक्य आम्हांला दरवर्षी हमखास भेटते : 'युलिसीस हा होमरच्या महाकाव्यातील पराक्रमी वीर असून तो ज्ञानपिपासेचे प्रतीक आहे.' प्रश्न टेनिसनच्या कवितेवरचा असो वा 'टीप लिहा' या सदरातला, वाक्य तेच असते आणि त्याला गुणही पूर्ण मिळतात. विद्यार्थ्यांनी ते गाइडातून उचलले, असे म्हणून हात झटकणे सोपे आहे. परंतु ते वाक्य फळ्यावर आम्हीच लिहिले होते. तेव्हा या तक्रारीतले पहिले आरोपी आम्हीच आहोत.

या वाक्याचा दोष असा की, त्याचा पूर्वार्ध आणि उत्तरार्ध एकमेकांना ओळखत नाहीत. होमरचा ओडिसिअस (युलिसीस हे त्याचे रोमन परंपरेतून आलेले नाव) ज्ञानासाठी घराबाहेर पडलेला नाही. दहा वर्षे युद्धात आणि दहा वर्षे समुद्रावर गेल्यानंतर त्याला घरी जायचे आहे. कॅलिप्सो त्याला अमरत्व देऊ करते. तो ते नाकारतो आणि म्हातारी होत जाणारी पेनेलपी व खडकाळ इथाका निवडतो. अनंत सागराची ओढ लागलेला, घरी परतण्याऐवजी हर्क्युलिसच्या स्तंभांपलीकडे जाऊन बुडणारा युलिसीस दान्तेचा आहे. 'इन्फर्नो'च्या सव्विसाव्या सर्गात तो भेटतो, तोही नरकात, ज्वाळेत गुंडाळलेला. टेनिसनने 1833 मध्ये, आर्थर हॅलम या जिवलग मित्राच्या मृत्यूनंतर, आपली कविता लिहिली (ती 1842 मध्ये प्रसिद्ध झाली), तेव्हा त्याच्यासमोर होमर होता, आणि त्याहून अधिक दान्ते होता. दान्तेने ज्याला नरकात टाकले, त्याच्याच तोंडी टेनिसन शोकातून उठण्याची भाषा घालतो. त्या कवितेतला ताण नेमका येथे आहे. आमची टीप तो ताण काढून टाकते आणि मागे एक पुतळा ठेवते.

दान्तेने त्याला नरकात का टाकले, हा प्रश्न विचारला की आणखी एक दार उघडते. त्याच्या पापांच्या यादीत लाकडी घोड्याचे कपट आहे. हा घोडा 'इलियड'मध्ये नाही. ते काव्य हेक्टरच्या अंत्यविधीपाशी संपते. घोड्याची सविस्तर कथा येते ती व्हर्जिलच्या 'ईनिड'च्या दुसऱ्या सर्गात, आणि ती सांगतो ईनिअस, म्हणजे पराभूत ट्रॉयचा निर्वासित. रोमन लोक आपले मूळ ट्रॉयला जोडत असत. त्यांच्या लेखी युलिसीस हा चतुर वीर नसून घर जाळणारा कपटी होता. दान्तेचा नरकातला वाटाड्या व्हर्जिलच आहे, हे येथे लक्षात घ्यावे. आज संगणकातल्या लबाड प्रोग्रॅमला आपण 'ट्रोजन' म्हणतो. कपट ग्रीकांचे, नाव मात्र लुबाडल्या गेलेल्यांचे!

यावर पहिला आक्षेप आमच्या देशीवादी मित्रांचा : ही परकी पुराणे आमच्या मुलांच्या माथी कशासाठी? आक्षेप गंभीर आहे, आणि ग्रीक नावांची फेक करून वर्गाला दिपवणाऱ्या प्राध्यापकांमुळे तो अधिकच खरा वाटतो. पण ही पुराणे आता वेशीबाहेर उभी नाहीत. निवडणुकीत पडलेला पुढारी पुन्हा निवडून आला की मराठी वृत्तपत्रांत त्याने 'फिनिक्स पक्ष्याप्रमाणे राखेतून भरारी' घेतलेली असते. हिरोडोटसच्या दुसऱ्या ग्रंथात हा पक्षी भेटतो, त्या वर्णनात आग नाही आणि राखही नाही. पाचशे वर्षांनी येणारा तो पक्षी आपल्या मृत पित्याला सुगंधी डिंकाच्या गोळ्यात भरून इजिप्तमधील हेलिओपोलिसच्या सूर्यमंदिरात नेतो. (आपण हा पक्षी केवळ चित्रात पाहिला असून ही कथा आपल्याला पटत नाही, असेही हिरोडोटस सांगतो.) राख आणि ज्वाळा नंतर आल्या. म्हणजे जुन्या कथेत तोच पक्षी पुन्हा जिवंत होत नाही. नवा येतो, आणि पहिले काम म्हणून बापाचे ओझे वाहतो. वारशाने गादी मिळवणाऱ्या आमच्या पुढाऱ्यांना ही जुनी कथा कदाचित अधिक शोभेल. परके म्हणून जे वाचायचे नाही, तेच न वाचता वापरत राहायचे, हा कोणता देशीवाद?

दुसरा आक्षेप व्यवहाराचा. तालुक्याच्या गावातल्या विद्यार्थ्याने होमर, व्हर्जिल आणि दान्ते कधी वाचावेत? मूळ ग्रीक तर आम्हांलाही येत नाही. कीट्सलाही येत नव्हते. 1816 मध्ये त्याने होमरवर जे सुनीत लिहिले, ते सतराव्या शतकाच्या आरंभी झालेले चॅपमनचे इंग्रजी भाषांतर वाचून. भाषांतराने त्याचे काम अडले नाही. आमच्या विद्यार्थ्याचेही अडणार नाही. शिवाय सगळे वाचा, असे आम्ही म्हणतच नाही. आम्ही एकच प्रश्न मागतो : हा संदर्भ कोणाच्या कथेतून आला, आणि घेताना लेखकाने त्यात काय बदलले?

हा प्रश्न मराठीच्या वर्गाला नवा नाही. खांडेकरांची 'ययाति' शिकवताना 'ययाति हा महाभारतातील भोगी राजा' एवढे लिहिणाऱ्याला आम्ही पूर्ण गुण देत नाही. महाभारतातला कच आणि खांडेकरांचा कच यांत अंतर किती, आणि ते अंतर 1959 च्या कादंबरीकाराला का हवे होते, हे आम्ही विचारतो. कर्णाविषयीही तसेच. आपल्या पुराणांना जी वागणूक देतो, ती दुसऱ्यांच्या पुराणांना नाकारून त्यांची शब्दार्थांची यादी करून टाकणे हा आळस आहे. त्याला अस्मितेचे नाव देऊ नये.

'ओडिसी'च्या आठव्या सर्गात एक आंधळा गायक दरबारात लाकडी घोड्याची कथा गातो. ओळख लपवून बसलेला ओडिसिअस आपल्याच विजयाचे हे गाणे ऐकतो आणि रडू लागतो. होमर त्या रडण्याला उपमा देतो ती अशा स्त्रीची, जिचा नवरा नगर राखताना पडला आहे आणि जिला शत्रू भाल्याने ढोसत दास्यात नेत आहेत. विजेता पराभूतांच्या बाईसारखा रडतो. व्हर्जिलच्या कितीतरी आधी, हे पराभूतांच्या बाजूचे दुःख विजेत्याच्याच काव्यात शिरलेले होते. 'पराक्रमी वीर' या दोन शब्दांत ते कोठे मावणार?

तेव्हा प्रश्नपत्रिका काढणाऱ्या सहकाऱ्यांना आमची विनंती आहे. 'टीप लिहा : युलिसीस' हा प्रश्न आता निवृत्त करावा. त्याऐवजी विचारावे : 'टेनिसनने कोणाचा युलिसीस घेतला?' उत्तरे चुकतील, गुण कमी पडतील, निकालाचा आलेख थोडा खाली येईल. पण उत्तरपत्रिकांत एकच वाक्य शंभर वेळा वाचण्याची शिक्षा तरी आम्हांला भोगावी लागणार नाही. आणि ते वाक्य पाठ करण्याची शिक्षा विद्यार्थ्यांना.